कोरड्या प्रेअरीसाठीचे ‘दुष्काळ सोसणारे’ लॉनचे बियाणे : दोन हिवाळ्यांनंतरचे मत

कॅनडाच्या प्रेअरी या सपाट, गवताळ प्रदेशातील कॅल्गरीत वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे ४२० मिलिमीटर पाणी पडते, आणि त्यातला मोठा वाटा मे ते जुलै या तीन महिन्यांतच येऊन जातो. त्यातच आमच्यासारख्या नव्या वसाहतींत घट्ट चिकणमातीवर जेमतेम चार बोटे सुपीक माती पसरून वर केंटकी ब्लूग्रास या लॉनच्या नेहमीच्या गवताचे तयार गालिचे अंथरलेले असतात, त्यामुळे मुळांना खोल जायला वावच उरत नाही. मागच्या अंगणातील सुमारे नव्वद चौरस मीटरच्या हिरवळीला अशीच टक्कले पडू लागली, तेव्हा मी येथील एका बियाणे विक्रेत्याकडून कोरड्या हवेसाठीचे म्हणून विकले जाणारे फेस्क्यू या बारीक पात्याच्या गवताचे मिश्रण आणले. मे २०२३ च्या अखेरीस ते पेरले. दोन हिवाळे उलटल्यावर त्याविषयी काही ठामपणे सांगता येईल असे वाटते.

पिशवीवरील तपशिलानुसार मिश्रणात तीन चतुर्थांश भाग क्रीपिंग रेड, हार्ड आणि शीप या तीन फेस्क्यूंचा होता, उरलेल्यात थोडे ब्लूग्रास आणि पंधरा टक्के पेरेनियल रायग्रास. खरेदी करताना या शेवटच्या आकड्याकडे मी दुर्लक्ष केले, ही माझी चूक.

पेरणीपूर्वी मातीचे लहान दंडगोल उपसून काढणारे यंत्र भाड्याने आणून जमीन भोके पाडून मोकळी केली, त्यावर बोटभर कंपोस्ट पसरले आणि वाफसा आल्यावर बी टाकले. शंभर चौरस मीटरला दोन किलो हे प्रमाण पिशवीवर दिलेले होते आणि ते योग्यच निघाले; टपाल तिकिटाएवढ्या जागेत दहा-बारा दाणे दिसले की पुरे. अधिक दाट पेरण्याचा मोह अनेकांना होतो, पण मग रोपे एकमेकांचेच पाणी ओढतात. बी दाताळ्याने हलकेच मातीत मिसळून पावलांनी दाबले.

‘दुष्काळ सोसणारे’ या शब्दांनी माणूस फसतो तो इथेच. हा गुण मुरलेल्या गवताचा आहे, कोवळ्या रोपाचा नव्हे. पहिले तीन आठवडे वरचा थर सतत ओला ठेवण्यासाठी मला दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी द्यावे लागले, कारण प्रेअरीचा वारा तासाभरात मातीवर पापुद्रा आणतो. पिशवीवर याचा उल्लेख अगदी बारीक अक्षरांत एका ओळीत होता. तो ठळक असायला हवा होता.

सहाव्या दिवशी हिरवी लव दिसली आणि मी हरखून गेलो. ते सगळे रायग्रास होते. फेस्क्यू दुसऱ्या आठवड्यात सुईसारखे बारीक वर आले आणि ब्लूग्रासने जवळजवळ महिना घेतला. रायग्रासच्या इंग्रजी नावात बहुवार्षिकपणा असला तरी येथील थंडीत त्याचा भरवसा नाही. जानेवारीत शिनूक हा पर्वतांवरून येणारा उबदार, कोरडा वारा सुटला की काही तासांत पारा वीस अंशांनी चढतो, बर्फाचे पांघरूण वितळून जाते आणि गोठलेल्या जमिनीतील मुळांना पाणी न मिळता पाती वाळतात. एप्रिल २०२४ मध्ये ज्या ज्या जागी आदल्या वर्षी सर्वांत आधी हिरवे दिसले होते, नेमक्या त्याच जागी वाळलेले झुपके हातात उपटून आले. फेस्क्यूचे मात्र बहुतेक सगळे वाचले. माझ्या मते ते पंधरा टक्के ग्राहकाला आठवडाभरात खूश करण्यासाठी घातलेले आहेत.

खरी परीक्षा त्याच वर्षी झाली. ५ जून २०२४ रोजी शहराची मुख्य जलवाहिनी फुटली आणि घराबाहेर पाणी वापरण्यावर बंदी आली. पुढे ऑगस्टअखेरीस दुरुस्तीसाठी ती पुन्हा लागू झाली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समोरच्या अंगणातील जुने ब्लूग्रास गव्हाच्या काडाच्या रंगाचे झाले होते, तर मागचे फेस्क्यू राखाडी छटा घेऊनही हिरवेच होते. ब्लूग्रासवर अन्याय नको म्हणून सांगतो, ते मेले नव्हते. एक रोप उपटून बुंध्याशी नखाने सोलले तर आत पांढरट, ओलसर गाभा होता. असे गवत निद्रेत जाते आणि पाणी मिळताच परत फुटते.

एरवी ब्लूग्रास हिरवे ठेवायला पावसासकट आठवड्याला सुमारे पंचवीस मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे नव्वद चौरस मीटरला सव्वादोन हजार लिटर. दुसऱ्या वर्षापासून मागच्या अंगणाचे काम माझ्या अंदाजाने याच्या निम्म्यात भागले. मात्र ते एकाच वेळी, खोलवर द्यायचे. टूनाचा रिकामा डबा फवाऱ्याखाली ठेवून मी माप घेतो.

तक्रारी आहेतच. फेस्क्यूची पाती चिवट असल्याने गवत कापायच्या यंत्राचे पाते जरा बोथट झाले की शेंडे कापले न जाता फाटतात आणि दोन दिवसांनी संपूर्ण हिरवळीवर पांढुरकी झाक येते. मी सात सेंटिमीटर उंची राखतो आणि कापलेले गवत तिथेच पडू देतो; खतही वर्षातून एकदाच देतो. शिवाय हार्ड आणि शीप फेस्क्यू झुपक्यांनी वाढतात, ब्लूग्राससारखे जमिनीखालून धावून मोकळी जागा भरत नाहीत. शेजारच्या कुत्र्याच्या लघवीने जळलेला ताटाएवढा भाग मला पुन्हा पेरावा लागला. मुले रोज फुटबॉल खेळत असतील तर हे बियाणे घेऊ नये. उलट स्प्रूसच्या सावलीत, जिथे ब्लूग्रास तग धरत नव्हते, तिथे याची सर्वांत दाट वाढ आहे.

मेमधील पेरणीत डँडेलायन आणि इतर तणांशी फार झुंजावे लागले. म्हणून समोरच्या अंगणासाठी मी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा निवडला आहे, आणि त्याच विक्रेत्याकडे रायग्रास वगळून मिश्रण बांधून मागितले आहे. ते तसे देतात. फक्त विचारावे लागते.