सीए-१२५ असलेलं 'लेडीज पॅकेज': पैसे कुठे लावावे

नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या लॅबमधल्या महिलांच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ ही रक्तचाचणी 'अंडाशयाच्या कॅन्सरची तपासणी' म्हणून जोडलेली दिसते. त्रास नसलेल्या बाईसाठी आमचं मत: घेऊ नका. ३५ युनिटच्या वरचा आकडा पाळी, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, गर्भारपण, पोटाचा टीबी यांतही येतो. उलट, अंडाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो नॉर्मलच निघतो. ब्रिटनमध्ये २ लाखांवर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (निकाल २०२१) अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. पॅप स्मिअर गर्भाशयमुखासाठी असते, तिच्यात अंडाशय कळत नाही.

लक्षणं असतील तर गोष्ट वेगळी. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी. हे नव्याने सुरू होऊन महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस टिकलं, की स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. आपल्याकडे फुगलेलं पोट सावजी रश्श्याच्या नावावर खपतं आणि महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांत जातात! पन्नाशीनंतर तर अजिबात थांबू नये. अशी लक्षणं असताना सीए-१२५ कामाची, पण सोबत योनीमार्गातून सोनोग्राफी हवी. ती मूत्राशय रिकामं ठेवून करतात. भरलेलं लागतं ते पोटावरच्या सोनोग्राफीला. काउंटरवर कोणती आहे ते आधी विचारा.

आई, बहीण, मावशी किंवा आत्याला अंडाशयाचा वा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर पॅकेजचे पैसे जनुकीय सल्ला आणि बीआरसीए चाचणीकडे (या कॅन्सरचा धोका वाढवणारे जनुकीय दोष शोधणारी चाचणी) वळवा.