जयपूरचे कंपोझिट तिकीट: तीनशे रुपयांत काय मिळाले?

जयपूरमधील राज्य सरकारच्या ताब्यातील ऐतिहासिक स्थळांसाठी मिळणारे ‘कंपोझिट तिकीट’, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच पास, घ्यावा, की जेथे जाऊ तेथे वेगळे तिकीट काढावे, या प्रश्नावर आमच्या घरात पुण्याहून निघण्याआधीच दोन तट पडले होते. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही सहाजण गेलो: मी, पत्नी, सत्तरी ओलांडलेली आई, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा, अमेरिकेत राहणारा पण भारतीय पासपोर्ट जपून ठेवलेला आतेभाऊ आणि त्याची अमेरिकन पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. आमेर किल्ल्याच्या जलेब चौकात तिकिटाच्या रांगेत उभा राहून, मागच्या माणसाला फार वेळ ताटकळवायला नको या भिडेपोटी, मी सहाही जणांचे पास घेऊन टाकले. सहांपैकी वहिनींचा पास पुरता वसूल झाला. उरलेल्या पाचांबद्दल सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

या एका तिकिटात आठ ठिकाणे येतात. आमेरचा किल्ला, जंतरमंतर, हवामहल, नाहरगड आणि अल्बर्ट हॉल संग्रहालय ही पाच बहुतेकांच्या यादीत असतातच. त्यांखेरीज त्रिपोलिया बाजारालगतचा ईसरलाट हा मनोरा आणि आग्र्याच्या रस्त्यावरील सिसोदिया राणी बाग व विद्याधर बाग ही तीन ठिकाणे आहेत. पासाची मुदत दोन दिवसांची असून प्रत्येक ठिकाणी एकदाच आत जाता येते. आम्ही गेलो तेव्हा भारतीय नागरिकासाठी त्याचे ३०० रुपये आणि परदेशी नागरिकासाठी १,००० रुपये पडले.

आता त्या वेळची सुटी तिकिटे पाहू. आमेर १०० रुपये, जंतरमंतर ५०, हवामहल ५०, नाहरगड ५० आणि अल्बर्ट हॉल ४०. बेरीज होते २९०. म्हणजे जयपूरला जाणारा सर्वसाधारण मराठी पर्यटक जी पाच ठिकाणे पाहतो ती सगळीच्या सगळी दोन दिवसांत पाहून झाली, तरी पास घेणाऱ्याच्या खिशातून तेव्हा दहा रुपये जास्तच जात होते. आणि त्यांतील एक जरी राहिले, उदाहरणार्थ नाहरगडचा घाट रात्री नको म्हणून टळला, तर तूट साठांवर जात होती. रक्कम किरकोळ होती हे मान्य. तरीही ज्या वस्तूचे नावच बचत म्हणून घेतले जाते, ती विकत घेऊन दहा रुपये जास्त मोजावेत, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटले नाही आणि तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. दर वेळोवेळी बदलतात, त्यामुळे खिडकीवरच्या फलकावरील पाच आकडे मोबाईलमध्ये मांडून पासाच्या किमतीशी ताडून पाहावेत. रांगेत उभे असताना तेवढा वेळ नक्की मिळतो.

परदेशी पासपोर्टवर मात्र चित्र उलटते. वहिनींना एकट्या आमेरलाच पाचशेच्या घरात मोजावे लागले असते, जंतरमंतर, हवामहल आणि नाहरगड यांना प्रत्येकी दोनशे, आणि अल्बर्ट हॉलला तीनशे. या पाचांचे चौदाशे झाले असते आणि पास हजाराचा, म्हणजे चौथ्या ठिकाणापाशीच तो फिटत होता. तेव्हा परदेशातून आलेल्या नातेवाइकांना, मुलांच्या मित्रांना किंवा परदेशी सूनबाई-जावयांना जयपूर दाखवायचे असेल, तर त्यांच्यापुरता पास बिनदिक्कत घ्यावा आणि स्वतःसाठी सुटी तिकिटे काढावीत. एका कुटुंबाने एकाच प्रकारचे तिकीट घेतले पाहिजे असे मुळीच नाही. मी मात्र तसेच समजून बसलो होतो.

पासात काय नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. आम्हाला फिरवणाऱ्या टॅक्सीचालकाने ‘इसमें सब आ जाता है’ असे छातीठोकपणे सांगितले होते, पण सिटी पॅलेस या पासात येत नाही, कारण तो राजघराण्याच्या ट्रस्टकडे आहे, आणि त्याचे वेगळे तिकीट तेव्हा पासातल्या कोणत्याही स्थळापेक्षा महाग होते. जंतरमंतरच्या दारातून सिटी पॅलेसचे दार जवळजवळ हाकेच्या अंतरावर असल्याने ही चूक हमखास होते. जयगडाचेही तेच. आमेरच्या डोक्यावर दिसणारा, जयवाण तोफेचा तो किल्ला सरकारी नाही, त्यामुळे तेथे पास दाखवून उपयोग नाही. आमेरच्या आवारातील शिलादेवीच्या दर्शनाला उलट कोणतेच तिकीट लागत नाही. रात्रीच्या प्रवेशाचा मामलाही निराळा आहे. आमेर रात्री पाहायचा तर त्याचे तिकीट पुन्हा काढावे लागते.

पैशांपेक्षा मला अधिक खटकली ती दोन दिवसांची मुदत. मुदत आली की माणूस पाहणे सोडून उरकू लागतो. आमेरमध्ये शीशमहालाखाली आई थांबली, कारण तो मिर्झाराजे जयसिंहांच्या काळातला, आणि मिर्झाराजे म्हटले की आपल्याला पुरंदर आणि १६६५ चा तह आठवणारच. त्या आरशांच्या छताखाली शाळेतील इतिहासाचे पुस्तक तिच्या तोंडून धडाधड बाहेर येत होते आणि मी हातातले घड्याळ पाहत होतो, कारण पासावर त्या दिवसात अजून दोन ठिकाणे बसवायची होती. हा अपराध पासाचा नव्हे, माझा. पण पास नसता तर तो घडला नसता.

जंतरमंतरला मात्र मुलाने मला हलू दिले नाही. मिर्झाराजांनंतरच्या सवाई जयसिंहांनी उभारलेल्या या वेधशाळेतील यंत्रांपैकी सम्राट यंत्र ही सुमारे २७ मीटर उंचीची सूर्यघडी आहे. तिच्या संगमरवरी चापावर भिंतीच्या सावलीची कड कोठे आहे तेथे त्याने नख टेकवले आणि मनात आकडे मोजू लागला. सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. साठ मोजून होईपर्यंत त्याच्या नखापासून चार बोटे पुढे गेलेली ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. यंत्रावरची वेळ मनगटावरील घड्याळाशी जुळेना, तेव्हा आतेभावाने तेथेच हिशेब सांगितला की, प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून जयपूर बरेच पश्चिमेला असल्यामुळे येथील सूर्य सुमारे २७ मिनिटे मागे असतो, आणि वर्षातील दिवसानुसार त्यात आणखी थोडी घटबढ करावी लागते. या एका ठिकाणी आमचे दोन तास गेले. पन्नास रुपयांत यापेक्षा चांगले काही मला जयपूरमध्ये मिळाले नाही, आणि येथे यायचे तर ऊन असताना, दुपारच्या सुमारास यावे. ढगाळ दिवशी ते यंत्र नुसते जिने चढवलेले बांधकाम वाटते.

रांग वाचते हा पासाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद अर्धा खरा आहे. तिकिटाची रांग पहिल्या ठिकाणानंतर वाचते, आत सोडणारी रांग वाचत नाही. सुटीच्या दिवशी हवामहलाला हा फरक बऱ्यापैकी जाणवतो. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी बांधलेल्या त्या वास्तूचा दर्शनी भाग रस्त्यावरून फुकट दिसतो आणि प्रवेश मागच्या बाजूने आहे, त्यामुळे गोंधळलेली माणसे दोन्हीकडे गर्दी करतात. तिकिटे ऑनलाइनही काढता येत असल्याने त्या सोयीसाठी पासच हवा असे नाही. गुडघेदुखीच्या माणसाबरोबर असाल तर तिकिटाची रांग टळण्याची किंमत म्हणून थोडे जास्तीचे पैसे धरून पास घेण्यास माझी हरकत नाही.

राहता राहिली शेवटची तीन ठिकाणे, ज्यांच्यापैकी एखादे पाहिले तरच भारतीयाचा पास तेव्हा फायद्यात जात होता. दोन्ही बागा शहराबाहेर आहेत आणि तेथपर्यंतच्या टॅक्सीभाड्यात सगळी बचत वाहून जाते. आग्र्याकडून येत किंवा तिकडे जात असाल तर वाटेत थांबावे, एरवी नाही. ईसरलाटची गोष्ट वेगळी. बाजाराच्या गर्दीत सहज नजरेतून सुटणारा हा सात मजली मनोरा सवाई ईश्वरीसिंहांनी १७४९ मध्ये आपल्या विजयाची खूण म्हणून बांधला; सावत्र भाऊ माधोसिंहाशी गादीसाठी चाललेल्या झगड्यातला तो विजय होता, आणि त्या झगड्यात मराठे गुंतलेले होते. पुढच्याच वर्षी, १७५० च्या डिसेंबरात, ठरलेल्या पैशांच्या वसुलीसाठी मल्हारराव होळकरांची फौज जयपूरवर चालून येत असताना ईश्वरीसिंहांनी विष घेऊन जीव दिला. महिनाभरातच, १७५१ च्या जानेवारीत, शहरात शिरलेल्या मराठ्यांवर जयपूरकर उठले आणि त्यांची कत्तल झाली.

हे मी परतीच्या दिवशी दुपारी मुलाला आत गोल गोल चढत जाणाऱ्या अरुंद वाटेने वर जाताना सांगत होतो. आई, पत्नी आणि आतेभाऊ खाली लस्सीच्या दुकानात बसले होते, त्यामुळे त्यांचे पास तोट्यातच राहिले. वर आम्हां दोघांखेरीज फक्त वहिनी होत्या. एका बाजूला नाहरगडाची तटबंदी, दुसऱ्या बाजूला सिटी पॅलेस आणि जंतरमंतर, आणि थेट पायाखाली त्रिपोलिया बाजार दिसत होता. वहिनींनी मुलाला विचारले, की मल्हाररावांची फौज नेमकी कोणत्या बाजूने आली असेल; तो मोबाईलवरचा नकाशा फिरवत दिशा शोधू लागला, आणि पासाची मुदत संपायला अजून तासभर होता.