ढिल्या ट्विस्ट पेनसाठी लॉकटाइट 638 : वापरानंतरचा अभिप्राय

हाताने कातलेल्या लाकडी ट्विस्ट पेनचा सगळा डोलारा चेपून बसवलेल्या जोडांवर उभा असतो. 7 मिलिमीटरच्या स्लिमलाइन पेनमध्ये पुढचे निमुळते टोक, रिफिल आत-बाहेर करणारे मेकॅनिझम आणि क्लिपला धरून ठेवणारी वरची टोपी हे तिन्ही भाग लाकडात चिकटवलेल्या खालच्या व वरच्या पितळी नळ्यांत केवळ दाबाने बसतात आणि त्यांची पकड मिलिमीटरच्या काही शतांश भागांच्या फरकाने टिकते किंवा सुटते. शिसम किंवा बाभळीचा सुरेख तुकडा निवडून, तो कातून, घासून, पॉलिश करून तयार केलेले पेन लिहिताना टोकाशी हलू लागले, तर आधीची सारी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. या ढिल्या जोडांसाठी मी बराच काळ लॉकटाइट 638 हे रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे एकात एक बसणारे धातूचे भाग पक्के धरणारे द्रव, वापरत आहे आणि पेन बनवणाऱ्यांना ते नेमके कुठे उपयोगी पडते व कुठे अजिबात वापरू नये, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

आधी ढिलेपणाच्या कारणाविषयी. दोष सुट्या भागांचाच आहे असे आपण धरून चालतो, परंतु बहुतेक वेळा तो नळीच्या तोंडाशी असतो. लाकडात नळी चिकटवताना थोडे चिकटद्रव्य आत शिरते, ते काढण्यासाठी गोल कानस किंवा ड्रिल आत फिरवले जाते आणि नळीचे तोंड नकळत कर्ण्यासारखे पसरते. टोके काटकोनात आणणारा बॅरल ट्रिमर गरजेपेक्षा जास्त वेळ चालवला, किंवा तोंडाची धार मोडताना आतून फार पितळ काढले गेले, तरी हाच परिणाम होतो. एका विक्रेत्याच्या नळ्या आणि दुसऱ्याचे सुटे भाग एकत्र वापरले तर मापांतला बारीक फरकही पुरेसा ठरतो. म्हणून कोणतेही रसायन हाती घेण्यापूर्वी व्हर्नियरने नळीचा आतला आणि भागाचा बाहेरचा व्यास मोजून पाहावा.

अशा वेळी आपल्याकडे बहुतेकांचा हात फेविक्विककडे जातो. फेविक्विकसारखे पातळ सायनोअॅक्रिलेट लाकूड आणि नळी यांच्या जोडात उत्तम काम देते, परंतु धातूच्या या जोडात त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची : ते क्षणात पकडते, त्यामुळे भाग अर्धवट आत गेला असतानाच अडकू शकतो. दुसरी त्याच्या वाफेची : बंद जागेत साचलेली ही वाफ चकचकीत मुलाम्यावर आणि पॉलिशवर पांढुरका थर सोडते. अॅराल्डाइटसारखे दोन भागांचे इपॉक्सी वेळ देते आणि फटही भरते, पण थेंबाएवढ्या कामासाठी ते मोजून कालवावे लागते आणि बाहेर आलेला ओघळ घट्ट होण्याआधी न पुसल्यास तो काढणे जिकिरीचे होते.

638 चे काम या दोहोंपेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालते. हे हिरवे, किंचित दाट द्रव हवेच्या संपर्कात असेपर्यंत द्रवच राहते. दोन धातूंच्या चिंचोळ्या फटीत हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होऊ लागते. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1953 मध्ये असे द्रव बाटलीत टिकवण्याची रीत बसवली आणि त्यातूनच लॉकटाइट कंपनी उभी राहिली; 1997 पासून ती जर्मनीच्या हेंकेलकडे आहे. मुळात हे उत्पादन बेअरिंग, बुश आणि शाफ्ट जागेवर पक्के करण्यासाठी आहे. व्यासातील 0.25 मिलिमीटरपर्यंतची फट ते भरून काढते, म्हणजे पेनच्या जोडात सहसा आढळणाऱ्या फटीच्या कितीतरी पट. पोलादावर सुमारे 4 मिनिटांत ते पकड घेते आणि पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. तांबे आणि पितळ यांवर ही प्रक्रिया वेगाने होते, तर क्रोम किंवा सोन्याच्या मुलाम्यावर मंदावते. पेनमध्ये एक बाजू मुलाम्याची असली तरी दुसरी बाजू उघड्या पितळेची असल्याने वेगळा अॅक्टिव्हेटर (घट्ट होण्याची प्रक्रिया वेगवान करणारे द्रव) वापरण्याची गरज मला भासलेली नाही.

टोक आणि वरची टोपी या दोन जोडांसाठी हे उत्पादन मला जवळजवळ निर्दोष वाटते. हे भाग एकदा बसल्यावर पुन्हा काढावे लागत नाहीत, त्यामुळे जोड कायमचा झाला तरी बिघडत नाही. नळीच्या आतला आणि भागावरचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने आधी पुसून घ्यावा. द्रव नळीत कधीही सोडू नये. ते भागाच्या दांड्यावर, पुढची कड सोडून, बारीक कड्यासारखे लावावे, म्हणजे भाग आत सरकताना जादा द्रव बाहेरच्या बाजूला येतो आणि रिफिलच्या वाटेत जात नाही. क्लिपचा कोन जुळवायला पुरेशी सवड मिळते, आणि बाहेर आलेले द्रव हवेमुळे ओलेच राहत असल्याने कापडाने स्वच्छ पुसता येते. 638 अतिनील प्रकाशात चमकते, त्यामुळे नोटा तपासण्याच्या छोट्या टॉर्चने राहिलेला अंश सहज दिसतो. ही सोय लहानशी असली तरी फिकट रंगाच्या लाकडावर तिचे मोल फार आहे.

मेकॅनिझमच्या बाबतीत मात्र मी सावध राहण्याचा सल्ला देईन. ते किती खोल बसले यावर रिफिलचे टोक किती बाहेर येणार हे ठरते. जास्त खोल गेले तर बंद पेनमधूनही टोक डोकावते, कमी गेले तर लिहिताना पुरेसे बाहेर येत नाही. म्हणून आधी कोरडेच, थोडे थोडे दाबत, दरवेळी रिफिल घालून खोली ठरवावी, नळीच्या काठाशी पेन्सिलने खूण करावी आणि मगच द्रव लावावे. फिरणाऱ्या भागात थेंब जरी झिरपला तरी मेकॅनिझम कायमचे जखडण्याचा धोका असतो. शिवाय 638 ची पकड सोडवण्यासाठी जोड सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, जे लाकडी पेनच्या बाबतीत अशक्यच आहे. मेकॅनिझम पुढे कधीतरी बदलावे लागणार हे उघड असल्याने या जोडासाठी त्याच मालिकेतील मध्यम ताकदीचे 641 घ्यावे. ते सावकाश घट्ट होते आणि नंतर भाग सुटे करण्याच्या गरजेसाठीच बनवलेले आहे.

वरची नळी आणि मेकॅनिझम यांचा मधला जोड हा यातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. रिफिल बदलताना वरची नळी ओढून काढावी लागते आणि मगच मेकॅनिझमच्या आट्यांत बसलेली जुनी रिफिल सोडवता येते. हा जोड चिकटवला की पेन एका रिफिलपुरतेच उरते. नळी इथे घसरत असेल, म्हणजे पेन फिरवूनही टोक बाहेर येत नसेल, तर 638 चा उपयोग नाही. त्याऐवजी नळीच्या आत सायनोअॅक्रिलेटचा अत्यंत पातळ थर फिरवून, तो रात्रभर पूर्ण वाळू देऊन, मगच नळी चढवावी. वाळलेल्या थराने आतला व्यास किंचित कमी होतो आणि घर्षण परत येते. वाफ निघून जावी म्हणून नळी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवणे मात्र आवश्यक आहे.

अॅक्रिलिकचे पेन करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. या प्रकारची द्रवे अॅक्रिलिक, एबीएस यांसारख्या काही प्लॅस्टिकमध्ये ताणाच्या जागी बारीक तडे पाडू शकतात. द्रव नळीच्या काठावरून पेनच्या अंगावर येताच पुसावे, आणि पारदर्शक पेन असेल तर मी इपॉक्सीच पसंत करीन. कातडीला काहींना याची अॅलर्जी होते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

हे उत्पादन लाकूडकामाच्या दुकानात शोधण्यापेक्षा बेअरिंग विकणाऱ्या दुकानात विचारावे; पुण्यात भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ते मागता येईल. एका जोडाला थेंबसुद्धा पूर्ण लागत नसल्याने घरगुती कामासाठी 10 मिलीची बाटली पुरते. 50 मिलीची बाटली मुदतीत संपवायची तर नियमित विक्रीसाठी पेन बनवणारा माणूस हवा. बाटली अर्धीच भरलेली दिसते म्हणून परत करू नये, आतली हवाच द्रव टिकवते. साठवणुकीसाठी 8 ते 21 अंश सेल्सिअस तापमान योग्य समजले जाते आणि 28 अंशांच्या वर गुणधर्म बिघडू शकतात, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ती पत्र्याच्या छपराखालच्या कार्यशाळेत न ठेवता घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवावी. बाटलीच्या नळकांड्यात टाचणी किंवा तार कधीही खुपसू नये आणि तोंडाला लागलेला पितळेचा कीस पुसल्याशिवाय झाकण लावू नये, कारण धातूच्या तेवढ्या अंशानेही आतले द्रव घट्ट होऊ लागते.