कीबोर्ड न वाजवता घरी गाणं: रीपर, पॅड आणि गळा, काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉपवर रीपर (गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर), बोटांनी वाजवायच्या सोळा पॅडचा यूएसबी कंट्रोलर, माइक लॅपटॉपला जोडणारा साधा ऑडिओ इंटरफेस आणि एक डायनॅमिक माइक. अहिराणी गाणी, आखाजी आणि कानबाई या खानदेशी सणांची गाणी यांचे ट्रॅक बनवायला एवढं पुरतं. कीबोर्डवर बोटं फिरत नसतील तरी अडत नाही. मात्र सूर गळ्यात आणि ताल हातात असायला हवा, कारण या पद्धतीत दोन्ही तिथूनच येतात.

रीपर 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं. घरगुती वापराचं लायसन्स 60 डॉलर. त्यासोबत तयार वाद्यांचा साठा येत नाही. ढोलकी, हलगी, बासरी हे सगळं आपल्याला गोळा करावं लागतं.

चाल आत घालायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे गुणगुणणं. माइकच्या ट्रॅकवर रीट्यून (रीपरमधलं सूर ओळखणारं साधन) लावा, त्यातला सूर बदलला की मिडी (आवाज नव्हे, तर कोणता स्वर कधी आणि किती जोरात याची नोंद) पाठवण्याचा पर्याय चालू करा आणि ट्रॅकचा रेकॉर्ड मोड आउटपुट मिडीवर ठेवा. शब्द गाऊ नका. ‘ना’ किंवा ‘ता’ वर चाल म्हणा. ‘स’, ‘श’ आले की सूर ओळखताना गोंधळ होतो आणि मध्येच भलत्या नोट्स उगवतात. एकच स्वर लागोपाठ दोनदा आला तर बहुतेक वेळा त्याची एकच लांब नोट होते, ती हाताने तोडावी लागते. शिवाय नोट्स किंचित उशिरा पडतात. सूर ओळखायला आवाजाची काही आवर्तनं पूर्ण व्हावी लागतात. पुरुषी खर्जात 100 हर्ट्झला एकेक आवर्तन 10 मिलिसेकंदांचं असतं. म्हणून शेवटी सगळ्या नोट्स निवडून थोड्या मागे सरकवा. खालच्या सप्तकात चाल असेल तर ती वरच्या सप्तकात गा आणि नंतर 12 पट्ट्या (सेमीटोन, म्हणजे एका स्वरापासून लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीपर्यंतची पायरी) खाली आणा. हे बरंच सोपं पडतं.

गायक आपल्या ‘सा’ची पट्टी सांगतो ‘काळी 1’, पडद्यावर मात्र त्याच स्वराचा मिडी क्रमांक 61 दिसतो. यावर उपाय आहे: मिडी एडिटरमध्ये नोट्सना नावं देता येतात. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकेका ओळीवर ‘61 सा’, ‘63 रे’, ‘65 ग’, ‘66 म’, ‘68 प’, ‘70 ध’, ‘72 नी’ असं लिहून ती फाइल लोड करा. कोमल ग हवा असेल तर 64, कोमल नी 71. गायकाच्या दर पट्टीची एक फाइल एकदा केली की पियानो रोल (नोट्स दाखवणारी मिडी एडिटरची जाळी) सरगमसारखा वाचता येतो. माउसने नोट्स मांडणाऱ्याचा निम्मा त्रास इथेच संपतो.

मींड आणि मुरकीला मात्र वेळ द्यावाच लागतो. बहुतेक सिंथमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांमध्ये) पिच बेंडची, म्हणजे सूर वरखाली ओढण्याची, मर्यादा वरखाली 2 पट्ट्या असते, म्हणजे बेंडच्या आकड्यात 4096 ला एक पट्टी. ग वरून प पर्यंत ओढायचं तर ते पुरत नाही. वाद्यात मर्यादा 12 करा. मग एक पट्टी साधारण 683 ला बसते. बेंडची रेघ सरळ ओढली तर आवाज सायरनसारखा लागतो. सुरुवात सावकाश, मध्ये वेग आणि टोकाला पुन्हा सावकाश असा वाक द्या.

तालासाठी पॅड, यात दुसरा विचारच नको. लॅपटॉपच्या बटणांवर रीपरचा आभासी कीबोर्ड वाजतो, पण सगळे ठोके सारख्याच जोराचे पडतात आणि तीन-चार बटणं एकदम दाबली की काही नोट्स गायब होतात. पॅडवर एका ठोक्याला दोन नोट्स पडत असतील तर थ्रेशोल्ड (ठोका मोजला जाण्यासाठी लागणारा किमान जोर) वाढवा. ढोलकीच्या प्रत्येक बोलाचे हलका, मध्यम आणि जोरकस असे तीन ठोके रेकॉर्ड करून सॅम्प्लोमॅटिकमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज नोटवर वाजवणारं रीपरचं साधन) टाका. प्रत्येकाला एकच नोट आणि वेगळी व्हेलॉसिटीची (ठोक्याच्या जोराची) हद्द द्या, उदाहरणार्थ 1 ते 50, 51 ते 95, 96 ते 127. क्वांटाइझ (ठोके तालाच्या रेघेवर ओढणं) 60–70 टक्केच ठेवा. शंभर टक्के केलं की ठेक्याची लचक मरते आणि ढोलकी मशीनची वाटू लागते.

सहा मात्रांच्या ठेक्यात टेम्पो लावताना घोळ होतो. 6/8 मध्ये पायाने मिनिटाला 80 ठोके मोजले, तर रीपरला 120 सांगायचं. तिथे मोजमाप क्वार्टर नोटचं असतं आणि पायाचा ठोका तिच्या दीडपट असतो.

बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 सॅम्पल ठेवलं तर 44.1 किलोहर्ट्झला 2.9 मिलिसेकंदांचा उशीर होतो, त्यावर इंटरफेसचा थोडा. पॅड वाजवायला हे ठीक. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, त्यातल्या उशिरामुळे ठेका धरताच येत नाही. मिक्सच्या वेळी बफर 1024 करा.

आता जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्याचं. पारा 44 वर गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि प्लेबॅक तडतडू लागतो. तयार झालेले ट्रॅक फ्रीझ केले (इफेक्टसह तयार ऑडिओ करून ठेवले) की भार उतरतो. कूलर चालू ठेवून गळा रेकॉर्ड करता येत नाही. 90 हर्ट्झच्या खालचं कापलं तरी वाऱ्याची सळसळ वरच्या भागात उरतेच, त्यामुळे पहाटेची वेळ उत्तम. गुणगुणून मिडी घ्यायला मात्र माइक तोंडाजवळ धरला तर कूलर चालतो, कारण तिथे फक्त सूर हवा असतो. चार्जरची भुणभुण येत असेल तर आधी सॉकेटला अर्थिंग आहे का बघा. तोवर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. इन्व्हर्टरवर घर चालू असताना हीच भुणभुण वाढते.

शेवटी रेंडर करताना, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल काढताना, ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे 1 डेसिबल ठेवा. यूट्यूब जास्त मोठा आवाज उणे 14 लफ्सच्या (आवाजाचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) आसपास खाली आणतं, म्हणून लिमिटरने (आवाजाची टोकं दाबणारं साधन) ढोलकी चिरडण्यात फायदा नाही. तीच फाइल मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तिथे बेस ऐकू येत नसेल तर त्याचा आवाज वाढवू नका, त्यावर थोडं सॅच्युरेशन (हलकं विरूपण) द्या. वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) उठले की छोट्या स्पीकरवरही बेस कळतो, आणि लग्नातल्या डीजेवर तो घुमतही नाही.