मुंबईहून नागपूर: विमान, समृद्धी की दुरांतो?

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उड्डाण करताच कोसळलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. नागपूरच्या लग्नाला कसं जायचं हा विषय आमच्या घरात निघाला तेव्हा मावशीने ठणकावून सांगितलं, "विमान नको रे बाबा. गाडी काढा, समृद्धीने जाऊ." असं आज बऱ्याच घरांत बोललं जात असेल, म्हणून तिन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहू.

वेळेचा हिशेब सोपा आहे. विमानाला हवेत साधारण दीड तास, विमानतळाची ये-जा धरून अर्धा दिवस. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ तास. दुरांतोत रात्री बसलं की सकाळी नागपूर.

अडतं ते भीतीपाशी. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये मांडलं होतं की लोक धोका मोजतात तो मृत्यूंच्या आकड्यांवरून नव्हे. एका क्षणात अनेक जण जाणार असतील, आपल्या हातात काहीच नसेल, तर तो धोका फार मोठा भासतो. विमानात हे दोन्ही आहे. गाडीत माणसं एकेक, दोन-दोन करून जातात. बातमी आतल्या पानावर येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते.

आता आकडे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. अहमदाबादच्या विमानात जितके गेले, तितके रस्त्यांवर साधारण साडेबारा तासांत जातात. ही तुलना सरळसोट करणं बरोबर नाही, कारण रस्त्याने जाणारेही कितीतरी जास्त आणि मृतांत चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. पण दर किलोमीटरमागे मोजलं तरी प्रवासी विमान कारपेक्षा खूपच सुरक्षित ठरतं.

मग गाडी सुरक्षित का वाटते? भाऊ ट्रकला ओव्हरटेक करतो तेव्हा शेजारी बसलेल्या मावशीचा उजवा पाय मॅटवर घट्ट दाबला जातो. तिथे ब्रेक नाही. तरीही स्टिअरिंग घरच्या माणसाच्या हातात आहे, एवढा दिलासा तिला पुरतो. चालवणाऱ्यालाही स्वतःची खात्री असतेच. मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांच्या १९८१ च्या पाहणीत ९३ टक्के अमेरिकी चालकांनी आपलं कौशल्य सरासरीपेक्षा वरचं सांगितलं होतं.

समृद्धीवर ही खात्री जास्त महागात पडू शकते. रस्ता सरळ आणि मोकळा, वेगमर्यादा १२०. सिग्नल नाही, गाव नाही, गिअर बदलायचं कारण नाही. डोळे उघडे असतात आणि लक्ष कधी सुटलं ते कळत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. तो रस्ता वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण रात्रभर जागून त्यावर गाडी हाणणं मला मुळीच मान्य नाही.

भीतीपोटी विमान सोडून गाडी धरली की काय होतं, हे अमेरिकेत दिसलं आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या अतिरेकी विमानहल्ल्यांनंतर अनेकांनी विमानाऐवजी रस्ता निवडला. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या अंदाजानुसार त्यापुढच्या वर्षभरात त्यामुळे सुमारे १,५०० जास्तीचे मृत्यू झाले. त्यांची बातमी कुठेच एकत्र आली नाही.

तेव्हा माझं मत असं: पैसे परवडत असतील आणि भीती सोसवण्याइतकी असेल, तर विमान. पोटात गोळाच येत असेल तर त्या भीतीला हसू नका, समजावत बसू नका, रेल्वेचं तिकीट काढा. नियंत्रण तिथेही आपल्या हातात नसतं, पण जमिनीवर असल्याचा धीर मिळतो आणि धोका कारच्या तुलनेत फारच कमी. गाडी मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते. सामान आणि लहान मुलं असतील तर ती सोयीची पडते, हे खरं आहे. गाडीनेच जायचं झालं तर पूर्ण झोप घेऊन सकाळी निघा, दोन चालक ठेवा, दर दोन तासांनी थांबा, टायरमधली हवा आणि झीज निघण्यापूर्वी तपासून घ्या. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा, साडी चुरगळते म्हणून काढायचा नाही.

मावशीसाठी आम्ही दुरांतोचा खालचा बर्थ घेतला आहे.