टेस्टोस्टेरॉन कसं घ्यायचं: जेल, पॅच की इंजेक्शन?

दोन वेगवेगळ्या सकाळी घेतलेल्या रक्तातून टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचं नक्की झालं, डॉक्टरांनी उपचार सुचवला, आता प्रश्न औषधाच्या रूपाचा. पातळी तिन्ही प्रकारांनी भरून येते. त्यामुळे निवड करताना आधी घराकडे बघा: तुमच्या उघड्या त्वचेला रोज कोणाचा स्पर्श होतो?

जेलने रक्तातली पातळी दिवसभर बऱ्यापैकी एकसारखी राहते, सुई टोचावी लागत नाही आणि डोस कमी-जास्त करणं सोपं जातं. पण लावलेल्या औषधातलं जेमतेम १० टक्के रक्तात उतरतं. उरलेल्यातलं बरंचसं त्वचेवरच राहतं आणि कडेवरच्या मुलाला किंवा शेजारी झोपलेल्या जोडीदाराला लागतं. मुलांमध्ये जननेंद्रिय मोठं होणं, जांघेत केस येणं, आक्रमकपणा, हाडांचं वय पुढे जाणं (वयाच्या मानाने हाडं लवकर पक्व होणं) असे परिणाम दिसल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये जेलवर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापायला लावला. आईच्या अंगाला लागलं तर पोटातल्या बाळालाही धोका असतो.

म्हणून जेल निवडलंत तर शिस्त पक्की हवी. सकाळी आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झालं की खांदे आणि दंडांवर लावा. जेल १ टक्का आणि १.६२ टक्के अशा तीव्रतेचं मिळतं; १ टक्क्याचं काही जेल पोटावर चालतं, १.६२ टक्क्याचं नाही. जननेंद्रियांवर कुठलंच नाही. हात लगेच साबणाने धुवा. काही मिनिटं वाळू द्या, मगच बाह्यांचा शर्ट घाला. जेलमध्ये अल्कोहोल असतं, वाळेपर्यंत काडी-सिगारेट लांब ठेवा. पोहणं किंवा पुन्हा आंघोळ १.६२ टक्क्याला २ तासांनी, १ टक्क्याला ५ तासांनी. कोणाच्या त्वचेचा त्वचेशी संबंध येणार असेल तर त्याआधी ती जागा साबणाने धुवा. चुकून कोणाला लागलंच तर त्यांनीही लगेच धुवायचं.

सगळ्यात जास्त घोळ पंपाच्या दाबांचा होतो. १ टक्क्याच्या पंपातून एका दाबाला १२.५ मिग्रॅ औषध येतं, १.६२ टक्क्याच्या पंपातून २०.२५ मिग्रॅ. नेहमीची सुरुवात अनुक्रमे ४ आणि २ दाबांची. जुन्या सवयीने १.६२ टक्क्याचे ४ दाब घेतले तर थेट ८१ मिग्रॅ, म्हणजे त्या जेलचा कमाल डोस अंगावर जातो. डबी बदलली की टक्केवारी वाचा.

पॅच रात्री लावायचा, २४ तासांनी बदलायचा. वर आवरण असल्याने दुसऱ्याला लागण्याची भीती कमी. पण खाज आणि लालसरपणा इतका सर्रास होतो की अनेकजण त्यापायीच सोडून देतात. हाडाचा उंचवटा टाळा, तीच जागा ७ दिवस पुन्हा वापरू नका. एमआरआयच्या आधी पॅच काढा, कारण काहींत धातू असतो. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं; चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

घरात तान्हं किंवा अंगाखांद्यावर खेळणारं मूल असेल, किंवा जोडीदार गर्भवती असेल, तर आम्ही इंजेक्शनच सुचवू. एनँथेट किंवा सायपिओनेट (इंजेक्शनमधल्या टेस्टोस्टेरॉनचे प्रकार) दर १-२ आठवड्यांनी घेतात. दोन आठवड्यांचं अंतर असलं की पहिले काही दिवस पातळी चढते, शेवटी उतरते, आणि उत्साह व मूडही तसाच हलतो. रक्त घट्ट होण्याचं प्रमाणही यात जेलपेक्षा जास्त. अनडेकॅनोएट १००० मिग्रॅ हे तेलातलं इंजेक्शन सुरुवातीच्या डोसांनंतर १० ते १४ आठवडे पुरतं, मात्र ते हळूहळू टोचावं लागतं. तेल फुप्फुसात गेलं तर खोकला आणि दम लागतो, म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा.

लवकरच मूल हवं असेल तर तिन्ही नकोत, कारण शुक्रजंतूंची निर्मिती दबते. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असेल तरीही नकोत. ट्रान्स पुरुषांनी लक्षात ठेवावं: पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि गरोदरपणात हे औषध चालत नाही.

३ ते ६ महिन्यांनी पातळी, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि गरजेनुसार पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) तपासा. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेला तर औषध थांबवावं लागतं. जेल वापरणाऱ्यांनी रक्त घेणाऱ्याला जेल कुठे लावलंय ते आधी सांगा. जेल लागलेल्या त्वचेतून सुई गेली तर आकडा खोटा चढा येतो आणि डोस विनाकारण कमी केला जातो.