आडनावाच्या इतिहासाची फ्रेम: छपाई उत्तम, मजकूर चुकीचा

इंग्रजी आडनावांचा इतिहास छापून, फ्रेम करून घरपोच देणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून मी ‘आर्कराइट’ या आडनावाची फ्रेम मागवली. भाचीचं सासर लँकशायरचं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला दोघं गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात येणार होते, तेव्हा जावयाला हलव्याच्या दागिन्यांबरोबर ही द्यायची होती. पाचपैकी दोन तारे देतेय.

दोन्ही तारे छपाईचे. कागद जाड, पिवळसर, बोटाला किंचित खरबरीत लागणारा. शाई कुठेही फुटलेली नाही. चौकट मात्र हलकी. एका कोपऱ्याचा सांधा सुटला होता, तो नवी पेठेतल्या फ्रेमवाल्याकडून ठोकून घेतला.

खरी तक्रार मजकुराची आहे. ‘पिढ्यान्‌पिढ्या सूत कातणारं घराणं’ असं ठळक छापलंय, आणि ते चूक आहे. आर्क म्हणजे लाकडी पेटी. उत्तर इंग्लंडात पीठ-धान्य ठेवायच्या मोठ्या पेटीला हाच शब्द होता. राइट म्हणजे कारागीर. कार्टराइट गाडे करायचा, व्हीलराइट चाकं, तसा आर्कराइट पेट्या. म्हणजे हे सुतारकामातलं आडनाव.

सुताशी त्याचं नाव जोडलं गेलं ते रिचर्ड आर्कराइटमुळे. 1732 मध्ये प्रेस्टनला शिंप्याच्या घरी जन्मलेला हा माणूस न्हावीकाम करायचा, केसांचे टोप बनवायचा. 1769 मध्ये त्याने सूतकताईच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1771 मध्ये डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी सुरू केली. यंत्रात रुळांच्या जोड्या असायच्या. पुढची जोडी मागचीपेक्षा जलद फिरायची, त्यामुळे पेळू, म्हणजे कापसाची सैल वळी, ओढला जाऊन बारीक व्हायचा आणि मग पीळ बसायचा. त्यातून निघणारं सूत ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावण्याइतकं बळकट असे. त्याआधी तिकडे सुती कापडालाही ताणा बऱ्याचदा लिननचा असायचा. माझे आजोबा इथे जुन्या मिलच्या स्पिनिंग खात्यात होते. ती मिल 1877 ची. आमच्या घरात हा माणूस नुसता ‘थोर पूर्वज’ म्हणून दोन शब्दांत उरकलेला मला चालणार नव्हता.

दुसरी गोष्ट, वर छापलेला सिंह, शिरस्त्राण आणि लाल-सोनेरी ढाल. त्याखाली ‘आर्कराइट घराण्याचं मानचिन्ह’. इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एखाद्या व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशात पुरुषांकडून पुढे जातं. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स हे काम पाहतं, 1484 पासूनची संस्था आहे ती. आपल्याकडे तरी सगळे देशमुख एकाच वतनाचे वारस कुठे असतात? असं चित्र विकणाऱ्याने एवढं स्पष्ट लिहायलाच हवं.

ज्यांना खरंच घराण्याचा माग काढायचाय त्यांनी आधी फ्रीबीएमडी ही मोफत सूची बघा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. भाचीला तिथे सासरच्या पणजोबांचं लग्न सापडलं: तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान, सगळं. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या बघाव्या लागतात. त्या ठेवायचा हुकूम 1538 चा.

शेवटी मजकूर मीच नव्याने लिहिला, भाचीच्या घरची ती नोंद त्यात घातली, प्रिंट काढून त्याच चौकटीत बसवला. मागवायचीच असेल तर मानचिन्ह नको म्हणून कळवा आणि छापण्याआधी मजकूर मागून वाचून घ्या.